ओलीचे राखणदार

दिवाळीच्या फराळाचा खरा शत्रू म्हणजे घरातली मुले, अशी एक समजूत आहे. ती मुलांवर अन्याय करणारी आहे. मुले चकली खातात, बिघडवीत नाहीत. बिघडविणारा शत्रू निराळाच. तो दिसत नाही, त्याची चाहूल लागत नाही. डब्याचे झाकण किंचित तिरके बसले की तेवढ्या फटीतून तो आत शिरतो आणि भाऊबीजेला पानात वाढावयाची चकली पाडव्यालाच सादळून बसते. या शत्रूचे नाव ओल. जुन्या दप्तरांतून तिला सरदी म्हटले आहे, शास्त्राच्या पुस्तकांत ती आर्द्रता होते आणि स्वयंपाकघरात तिच्याविषयी नुसते ‘हवा लागली’ एवढेच बोलतात.

या शत्रूशी माणूस हजारो वर्षे झगडत आला आहे. राजांच्या लढायांचे पोवाडे झाले, या लढाईचा कुणी केला नाही. कारण ती बहुधा बायकांनी, कारकुनांनी आणि किल्ल्यावरच्या हवालदारांनी लढविली. पण तिच्यात एक शहाणपण साठलेले आहे आणि ते आज आपल्या हातून निसटू पाहत आहे. त्याची ही हकीगत.

आपल्या देशाची हवा मोठी दुटप्पी. वैशाखात ती ओठ फोडते आणि आषाढात भिंतींना घाम आणते. मुंबई-कोकणात भर पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा ८० च्या वर असते. आता मिठाचा नियम असा की, ती शेकडा ७५ च्या पलीकडे गेली म्हणजे मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळू लागते. आगरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर त्याहून हावरे. म्हणून श्रावणात मिठाच्या बरणीत पाझर फुटतो. त्यात गृहिणीचा हलगर्जीपणा काही नसतो. तो सृष्टीचा नियम असतो.

हा नियम आपल्या आज्या-पणज्यांनी पुस्तकात वाचला नव्हता, परंतु त्याच्याशी कसे वागावे हे त्यांना पक्के ठाऊक होते. लोणचे घालावयाचे तर मीठ आधी कढईत कोरडे भाजून घ्यावयाचे. कडधान्य राखेत घोळवून ठेवावयाचे. पापड, कुरडया, सांडगे ही सारी वाळवणे चैत्र-वैशाखाच्या उन्हात उरकून आगोटीपूर्वी डब्यांत बंद करावयाची. कपाटाच्या कोपऱ्यात कोळशाचे दोन-चार तुकडे फडक्यात बांधून ठेवावयाचे आणि उघडीप मिळाली की ते अंगणात टाकावयाचे. त्याखेरीज घरात ओलीचा एक अखंड वैरी नांदत होता, तो म्हणजे चूल. पहाटेपासून रात्रीपर्यंत ती पेटलेली असे आणि तिच्या वरचा माळा घरातला सर्वांत कोरडा कोपरा होई. कांद्याच्या माळा, सुकी मासळी, बियाण्याची मडकी, पुढच्या आठवड्याची लाकडे हे सारे तेथेच. गॅसची शेगडी आली, डोळ्यांचा धूर गेला हे फार चांगले झाले. पण त्याबरोबर घरातली वाळवणाची हक्काची जागाही गेली. आजच्या घरातल्या कपाटांत ओल शोषणाऱ्या पुड्या आणि डब्या शिरल्या त्याचे एक कारण मला हेही वाटते.

घरातली ओल फार तर पापड घालवते. किल्ल्यावरची ओल राज्य घालवू शकते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या कारकीर्दीत उमेदवारी केलेले आणि पुढे चार कारकीर्दी पाहिलेले रामचंद्रपंत अमात्य यांनी १७१५ च्या सुमारास ‘आज्ञापत्र’ लिहिले. राजनीतीचा ग्रंथ म्हणून आपण त्याचे नाव आदराने घेतो. पण त्यातले दुर्गांचे प्रकरण एखाद्या दक्ष गृहिणीने लिहावे असे आहे. अंबारखान्याची जमीन कशी असावी म्हणजे उंदीर, किडा-मुंगी आणि वाळवी शिरणार नाही, याचा विचार पंतांनी केला आहे. आणि दारूखान्याविषयी तर त्यांनी काही बाकी ठेवलेले नाही. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, त्याला तळघर असावे, तळ गच्च केलेला असावा, त्यात माच घालून दारूची मडकी त्यावर ठेवावीत, म्हणजे जमिनीची ओल वर चढणार नाही. एवढ्यावर कोणीही थांबला असता. पंत थांबले नाहीत. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण वगैरे सामान बाहेर काढावे, त्याला ऊन द्यावे आणि मग पुन्हा मुद्रा करून ठेवावे, असा त्यांचा दंडक आहे.

या दंडकाचे मर्म पाहण्यासारखे आहे. तळघर उत्तम बांधले, माच घातला, मडकी बंद केली, तरीही ओल शिरणारच हे पंतांनी गृहीत धरले आहे. सह्याद्रीवरच्या धुक्यात ज्याने पावसाळे काढले त्याला हे कुणी सांगावे लागत नाही. ओलीला कायमचा बंदोबस्त नाही; तिला फक्त वरचेवर बाहेर काढता येते. म्हणून बाहेर काढणे, ऊन देणे आणि बंद करणे ही तीन कामे, आणि ती ठरल्या दिवशी.

आठ-पंधरा दिवसांचीच मुदत का? तोफेच्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा असतो. ओल शिरते ती मुख्यत्वे कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांतून आणि सोऱ्यात राहिलेल्या इतर क्षारांच्या वाटेने. थोडीशी सर्द झालेली दारू उन्हात वाळते आणि पुन्हा कामाला येते. पण ती एकदा चिंब भिजली की सोरा विरघळून वेगळा होतो; मग तिला चार दिवस ऊन दाखवा, ती काळी माती ती काळी मातीच. तेव्हा उशीर झाल्यावर केलेले पुष्कळ वाळवण हे वेळेवर केलेल्या थोड्या वाळवणाची बरोबरी करू शकत नाही. आणि याच कारणासाठी हे काम शिपायावर न सोडता हवालदारावर टाकलेले आहे.

पावसाळा सरला म्हणजे हेच काम सबंध राज्यात होई. खंडेनवमीला शस्त्रे पूजेला काढावयाची म्हणजे आधी ती पुसावयाची, गंज काढावयाचा, तेलाचा हात फिरवावयाचा. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन. धर्माने त्याला पूजेचे रूप दिले हे खरे. परंतु चार महिने कोंदट कोठीत पडलेले पोलाद मोहिमेपूर्वी तपासलेच पाहिजे, हा व्यवहार त्या पूजेच्या पोटात आहे. दिवाळीपूर्वी गाद्या, गोधड्या, पुस्तके उन्हात पडतात तोही याच मालिकेतला मणी.

कागदाची कथा मात्र दुःखाची आहे. आपले मोडी लेखक ओल्या शाईवर बारीक वाळू भुरभुरवीत आणि पत्र तिरके करून ती पुन्हा दाणीत ओतून घेत. जुने कागद उन्हात धरले तर अजूनही कोठे कोठे तिचा कण चमकतो. लिहिताना एवढी काळजी; पण लिहून झाल्यावर कागद रुमालात बांधले गेले आणि माळ्यावर पडले. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखक कळवळून विनवीत असे की, या पोथीला पाण्यापासून जपा, तेलापासून जपा, सैल बांधणीपासून जपा. वाड्यांच्या माळ्यांवर ते ऐकावयास कोणी नव्हते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तो पानिपतापूर्वीच्या दहा-बारा वर्षांतल्या पत्रांचा. त्या पत्रांच्या मागे गावोगाव पायपीट करताना पाऊस, वाळवी आणि बेफिकिरी यांनी त्यांच्या आधी जाऊन काय काय खाऊन टाकले, हे त्यांना पदोपदी दिसले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, त्यात राजवाड्यांचा पुढाकार होता. जी दप्तरे वाचली त्यांचा आपण इतिहास लिहिला. जी वर्षा-दोन वर्षांतून एकदाही उन्हात आली नाहीत त्यांत काय होते, हे आता कोण सांगणार?

ओलीला वजन असते, ही गोष्ट युरोपात एका पाद्र्याने फार सोप्या रीतीने दाखविली. निकोलस ऑफ कूसा हा पंधराव्या शतकातला जर्मन धर्माधिकारी आणि गणिती. १४५० च्या सुमारास त्याने लिहून ठेवले की, तराजूच्या एका पारड्यात पुष्कळशी लोकर घाला, दुसऱ्यात तोलाचे दगड घाला. हवा दमट झाली की लोकरीचे पारडे खाली जाईल, हवा कोरडी झाली की वर येईल. पुढे १७८३ मध्ये होरेस बेनेडिक्ट द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने माणसाच्या केसाचा आर्द्रतामापक प्रसिद्ध केला. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो, एवढ्या भांडवलावर. पण कूसाच्या लोकरीची युक्ती आपल्या विषयाच्या अधिक जवळची. शोषणारी वस्तू किती भरली हे डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसते.

आणि आता त्या इवल्याशा पुडीकडे वळू. नवे जोडे, औषधाची बाटली, कॅमेऱ्याची पेटी, प्रवासी पिशवी, काहीही उघडा, कोपऱ्यातून ती निघतेच. तिच्यावर ‘खाऊ नये’ असे लिहिलेले असते आणि आपण ती तत्काळ केराच्या टोपलीत टाकतो. तिच्यात साबुदाण्यासारखे जे दाणे असतात ते सिलिका जेलचे. वाळू ज्या द्रव्याची बनलेली असते त्याच द्रव्याचे हे सच्छिद्र रूप. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉल्टर पॅट्रिक यांनी ते कारखान्यात तयार करण्याची रीत बसविली आणि १९१९ साली तिचे पेटंट मिळविले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून सैनिकांना वाचविणाऱ्या मुखवट्यांसाठी ते उपयोगात आले. दुसऱ्या महायुद्धात युद्धसामग्री आणि पेनिसिलिन कोरडे ठेवण्याचे काम त्याच्याकडे आले. अमात्यांचा हवालदार जे किल्ल्यावर करीत होता, तेच हे दाणे आता आगबोटींतून समुद्रापार करू लागले.

या दाण्यांचे सामर्थ्य कशात आहे? त्यांच्या पोटातल्या पोकळीत. एका ग्रॅम सिलिका जेलच्या सूक्ष्म छिद्रांच्या भिंती उलगडून पसरता आल्या तर सुमारे ७०० चौरस मीटर जागा व्यापतील. आपल्या हिशेबाने सात गुंठे! चिमूटभर दाण्यांत सात गुंठ्यांचे शेत. हवेतल्या पाण्याचे कण या भिंतींना जाऊन चिकटतात. पाणी दाण्यात मुरत नाही की दाण्याचे दुसरे द्रव्य बनत नाही. म्हणून शास्त्रज्ञ याला शोषण न म्हणता अधिशोषण म्हणतात. दमट हवेत असे दाणे आपल्या वजनाच्या शेकडा ३० ते ४० पाणी धरून ठेवतात आणि तरीही हाताला कोरडेच लागतात.

हे चिकटणे कायमचे नसते, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली यातच आहे. उष्णता दिली की पाण्याचे कण सुटून निघून जातात आणि सात गुंठे पुन्हा मोकळे होतात. दाणा झिजत नाही, मरत नाही. तो नुसता भरतो. आपण फेकून देतो ती पुडी निकामी झालेली नसते, तिला कुणी ऊन दिलेले नसते एवढेच.

परंतु याच गुणाची एक काळी बाजू आहे. भरलेला दाणा गरम जागी किंवा अधिक कोरड्या वस्तूच्या संगतीत पडला, तर धरलेले पाणी तो परत देऊ लागतो. म्हणजे सहा महिने दमट हवेत पडलेली पुडी ताज्या फराळाच्या कडकडीत डब्यात टाकली, तर ती डब्याची ओल घेणार नाही, उलट आपली ओल डब्याला देईल. राखणदाराला वेळेवर विश्रांती दिली नाही तर तोच चोराला दार उघडून देतो. पुडी आहे म्हणून निर्धास्त राहणारा माणूस पुडी नसलेल्यापेक्षा अधिक फसतो तो असा.

ओलीचे सगळेच राखणदार एका स्वभावाचे नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. सिलिका जेल, कोळसा, मीठ ही मंडळी समजूतदार. भरली की तापवावी, रिकामी होऊन कामावर हजर. कळीचा चुना मानी. तो पाणी घेताच तापतो, फुगतो आणि त्याचा विझलेला चुना होतो. त्याला पूर्वपदावर आणावयाचे तर ५०० अंशांहून अधिक तापलेली भट्टी पाहिजे. घरी त्याच्या वाटेस जाऊ नये. तिसरा कॅल्शियम क्लोराइड. कपाटात ठेवण्याच्या ज्या डब्यांत खाली पाणी साचते त्यांत बहुधा हाच असतो. तो इतके पाणी ओढतो की स्वतःच त्यात विरघळून जातो. ते साचलेले पाणी साधे नसते, तीव्र खारे असते. कातड्याला, धातूला आणि कपड्याला ते वाईट. त्याला आटवून पुन्हा कोरडा करण्याचा खटाटोप स्वयंपाकघरात करण्याजोगा नाही. थोडक्यात, काहींना ऊन पुरते, काहींना भट्टी लागते आणि काही आपले काम करता करता संपून जातात.

आता सिलिका जेल वाळवावयाचे कसे ते सांगतो, कारण दिवाळी अंक वाचून झाल्यावर घरात काही उरावे अशी माझ्यासारख्या मास्तराची इच्छा असते. दाणे पुडीतून काढून धातूच्या ताटलीत एकेरी थराने पसरावेत. कागदाची वा प्लॅस्टिकची पुडी तशीच तापवू नये. केक भाजण्याची भट्टी घरात असेल तर ११० ते १२० अंश सेल्सिअसवर तास-दोन तास ठेवावेत. त्याहून फार तापविले तर रंगीत दाण्यांचा रंग बिघडतो. भट्टी नसेल तर दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेतले कडक ऊन पुष्कळसे काम करते, सारे नाही. दाणे तापलेले असतानाच घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत; उघड्यावर निवू दिले तर गेलेली ओल तासाभरात परतू लागते. अमात्यांची मुद्रा चोरांसाठी होती, आपले झाकण हवेसाठी. पण क्रम तोच.

रंगीत दाण्यांविषयी दोन शब्द. कोरडे असता निळे आणि भरले की गुलाबी होणारे जे दाणे, त्यांत कोबाल्ट क्लोराइड असते. ते द्रव्य घातक ठरल्यामुळे आता त्याऐवजी नारिंगीचे हिरवे होणारे दाणे पुष्कळ ठिकाणी वापरतात. साधे पांढरे दाणे विषारी नसतात. परंतु लहान मूल त्यांनी गुदमरू शकते, म्हणून ‘खाऊ नये’ ही सूचना योग्यच. रंगीत दाणे मात्र खाद्यपदार्थांच्या डब्यात ठेवूच नयेत, आणि निळे स्वयंपाकाच्या भट्टीत वाळवूही नयेत.

आमच्या शाळेत सातवीच्या मुलांकडून हा प्रयोग मी करून घेतला. श्रावणात कोरडे पांढरे दाणे २० ग्रॅम तोलून बशीत उघडे ठेवले. मुले रोज मधल्या सुट्टीत ते तोलीत आणि फळ्यावर आकडा लिहीत. आठवड्याने काटा २६ वर जाऊन थांबला. मग विज्ञानाच्या शिक्षकांनी वाळूच्या थाळीत ते मंद आचेवर तापविले आणि काटा परत २० वर आला. ‘सर, सहा ग्रॅम पाऊस!’ असे एक मुलगी ओरडली. त्याहून चांगली व्याख्या मला कोणत्याही पुस्तकात सापडली नाही.

त्या मुलीने पुढे विचारले की, मग सगळ्या घरात दाणे पसरले तर? त्याचे उत्तर आकड्यांनीच द्यावे. ३० अंश उष्णतेला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाणी मावते. पावसाळ्यात एवढ्या आकाराच्या बंद कपाटातल्या हवेत पंचवीस-सव्वीस ग्रॅम असेल. ती निम्मी कोरडी करावयाला दहा-अकरा ग्रॅम काढावे लागेल. पन्नास ग्रॅम दाण्यांना हे सहज शक्य आहे. पण कपाटातल्या लाकडात आणि कपड्यांत त्याच्या कितीतरी पट पाणी मुरलेले असते, आणि दार दर वेळी उघडले की नवी हवा आत येते. खोलीची तर गोष्टच नको. ते समुद्र उपसण्यासारखे होईल. म्हणून हे राखणदार लहान आणि घट्ट बंद जागेतच नेमावेत: डबा, पेटी, बियाण्याची बरणी, श्रवणयंत्राची डबी, कॅमेऱ्याचे भिंग. घराला मात्र उघडी खिडकी आणि ऊन, याला पर्याय नाही.

दिवाळीच्या आधी दोन दिवस मुले फटाके सुपात पसरून उन्हात ठेवतात आणि आलटून पालटून राखण करीत बसतात. ते काम त्यांना कोणी शिकविलेले नसते. थोरल्याचे पाहून धाकटा शिकतो. दारू बाहेर काढावयाची, तिला ऊन द्यावयाचे, मग डब्यात बंद करावयाची. शेगडीजवळ मात्र न्यावयाची नाही, हेही त्यांना ठाऊक असते. तीनशे वर्षांपूर्वी अमात्यांनी हवालदाराला जे बजावले ते चाळीतल्या गच्चीवर अजून तसेच चालू आहे. त्याच गच्चीवर यंदा आणखी एक ताटली ठेवा. वर्षभरात घरात आलेल्या पुड्यांतले पांढरे दाणे तिच्यात पसरा, संध्याकाळी ऊन उतरण्यापूर्वी बरणीत भरा आणि बरणीवर तारीख लिहा. पुढची तारीख आठ-पंधरा दिवसांची नसली तरी चालेल. पण ती असावी, आणि घरातल्या कोणीतरी एकाने तो हवालदार व्हावे.